अठ्ठ्याऐंशीवं मिनिट

९ ऑक्टोबर

चि. उंटराव,

पोचलास का ते कळव. फोन मात्र करू नकोस. मला फोनवर नुसती घरघर ऐकू येते हे तुला ठाऊक आहे, तरी सवयीने लावतोस आणि मग मी कारखान्याच्या ऑफिसात सगळ्यांसमोर "हॅलो, हॅलो" करत बसते. समोर ओठ दिसले की मला सगळं कळतं. ओठ नसतील तर कागद बरा.

तू गेल्यापासून बाबांचे पाय जमिनीवर नाहीत. कपाच्या पहिल्याच फेरीत आपण चार गोलांनी आडवे झालो, पोरं मान खाली घालून कपडे बदलत होती, आणि बाबा फक्कीचा डबा हातात धरून हसताहेत! अडतीस वर्षं त्यांनी काचकारखान्याच्या मैदानावर फक्कीने पांढऱ्या रेषा मारल्या. आपला मुलगा आपल्या क्लबच्या शर्टात एकदा तरी त्या रेषेच्या आत यावा, एवढंच त्यांना हवं होतं. तुला सतराव्या वर्षी मोठ्या क्लबने उचललं, तेव्हापासून हवं होतं. यंदा तुला क्लबने मोकळं केलं, तू दोन महिने घरी बसलास, म्हणून तर मी चिटणीस असल्याचा फायदा घेऊन तुझं नाव राखीव खेळाडूंत घातलं. शेवटची दोन मिनिटं आत आलास. चेंडू तुझ्याकडे फिरकलासुद्धा नाही. पण बाबांचं म्हणणं, चेंडूचं काय घेऊन बसलीस, रेषा ओलांडली ना?

त्यांचा खाक्या तुला माहीतच आहे. माझी रेषा कोण कधी ओलांडतो ते मला कळलंच पाहिजे, म्हणतात. घड्याळ बघून मनात टिपतात आणि आठवड्याने विचारलं तरी मिनिटासकट सांगतात. "अठ्ठ्याऐंशीवं!" दूधवाल्याला सांगून झालं, डॉक्टरांना सांगून झालं. शेजारीण काल तिसऱ्यांदा ऐकत होती, बिचारी.

गुडघा शेकत जा.

तुझी ताई


२ नोव्हेंबर

ती. ताईस,

बसली आहेस ना? तुझ्या उंटाला क्लब मिळाला. साधासुधा नाही, पहिल्या श्रेणीतला. त्यांचे दोन आघाडीचे खेळाडू एकाच आठवड्यात जायबंदी झाले, आणि कुणाला तरी तेहतीस वर्षांचा एक उंच माणूस आठवला. हंगाम संपेपर्यंत घेतलंय. हॉस्टेलची खोली आहे, एक पलंग, एक कपाट, आणि खिडकीतून सरावाच्या मैदानावरचा दिव्याचा खांब. मला महाल वाटतो. दोन महिने आपल्या स्वयंपाकघरात बसून मी छताकडे बघत होतो, ते तू पाहिलंयस.

आता एक विचारायचंय. इथल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, यंदाच्या कपात कुणाकडून खेळलास का? नियम असा आहे की एका क्लबकडून कपात मैदानावर पाऊल टाकलं की त्या वर्षी दुसऱ्याकडून कपात खेळता येत नाही. एक मिनिटसुद्धा नाही. यादीत नुसतं नाव असेल तर चालतं. मी म्हणालो, यादीत होतो, उतरलो नाही.

तोंडातून निघून गेलं ताई. मला कपासाठीच घेतलंय. खरं बोललो असतो तर त्याच गाडीने परत पाठवलं असतं. आणि दोन मिनिटं कोण मोजतं? तू सामन्याच्या शीटवर माझ्या नावापुढे काय लिहिलंस, तेवढं कळव. लवकर.

तुझा उंट


७ नोव्हेंबर

उंटराव,

आनंद झाला, तो पुढच्या ओळी वाचेपर्यंत.

शीटबद्दल सांगते. नावं मी सामन्याआधीच भरली होती. कोण कितव्या मिनिटाला आत आलं तो रकाना शेवटी भरायचा असतो. तुझ्यापुढचा रकाना मी कोरा ठेवला. मुद्दाम नाही. चेंडूला न शिवलेल्या माणसाचं काय लिहायचं म्हणून पेन अडखळलं, तेवढ्यात एक पोरगा गरम पाण्यासाठी हातवारे करत आला. शीट सामानाच्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मी पळाले. पाकीट बाबांनी चिकटवलं आणि त्यांनीच टपालात टाकलं. पहिल्या फेरीत पंच फक्त गोल आणि कार्डं लिहितात, बाकी सगळं क्लबच्या शीटवरून धरतात. म्हणजे कागदावर तू उतरलेला नाहीस.

पण मी मोठी आहे म्हणून एकदाच बोलते. जाऊन खरं सांग. हे अंगाशी येईल. नाहीच सांगणार असशील तर मला पुन्हा विचारू नकोस, म्हणजे मला पुन्हा उत्तर द्यावं लागणार नाही.

बाबांना तुझ्या नव्या क्लबचं सांगितलं. त्यांनी मैदानात जाऊन गोलपोस्टला हात लावला आणि परत आले. नियमाचं त्यांना काही बोलले नाही.

ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,

तुझं ऐकलं नाही. रागावू नकोस, तुझं ऐकलं असतं तर आज हे लिहायला काही उरलं नसतं.

तिसऱ्या फेरीत वीस मिनिटं खेळलो. काल चौथ्या फेरीत सत्तर मिनिटं, आणि शेवटचा गोल माझा. डोक्याने! कोपऱ्यावरून चेंडू आला, सगळे पोरगेलेसे बचावपटू वर उडाले आणि मी नुसता उभा राहिलो. उंटाला उडावं लागत नाही. सगळं स्टेडियम उठलं होतं. सामना बघायला आलेली तुझी भावजय लेकीला कडेवर घेऊन रडत होती. प्रशिक्षक म्हणाले, असाच राहिलास तर पुढच्या वर्षी ज्युनियर मुलांना शिकवायला तुलाच ठेवू. कळतंय का तुला? मला फुटबॉल सोडावा लागणार नाही.

गुडघा उत्तम आहे.

तुझा उंट


२२ जानेवारी

उंटराव,

गुडघा उत्तम आहे असं तू आपणहून लिहिलंस, म्हणजे सुजलाय. लहानपणी पायरीवरून पडलास तेव्हाही न विचारता "मी पडलो नाही" म्हणाला होतास.

पेपरातला तुझा फोटो बाबांनी कापून सामानाच्या खोलीत जाळ्यांच्या खुंटीवर टाचलाय. मैदान धुक्यात असलं तरी कुणी आलं की त्याला आत नेऊन दाखवतात. फोटो दाखवून झाला की म्हणतात, हे काहीच नाही, आमच्या शर्टात पाहायला हवा होतात. मी बाजूला फक्कीचे डबे मोजत उभी राहते.

ताई


२० एप्रिल

ताई,

उपांत्य फेरी जिंकलो हे पेपरात वाचलंच असशील. अंतिम सामना अठरा मेला. पण त्यासाठी लिहीत नाही.

हरलेल्या क्लबने तक्रार केली आहे. पहिल्या फेरीत तुमच्याविरुद्ध खेळलेला गोलरक्षक कुठेतरी बोलला की शेवटी एक ताडमाड माणूस आत आल्यासारखा वाटला होता. धुकं होतं, खात्री नाही, असंही म्हणाला. पण स्पर्धा समितीने तुमची शीट कपाटातून काढायला सांगितली आहे. बरं झालं. काढू देत. रकाना कोरा बघतील आणि गप्प बसतील.

मी तीन दिवस जेवलेलो नाही. उगीचच.

उंट


२६ एप्रिल

रकाना कोरा नाही.

काल समितीचं पाकीट आलं, आत आपल्या शीटची प्रत. तुझ्या नावापुढे ठसठशीत अक्षरात लिहिलंय, "८८ व्या मिनिटाला आत". बाबांचं अक्षर. बाजूला अंगठ्याचा डाग, फक्कीचा असणार. पाकीट चिकटवण्याआधी त्यांनी वाचून पाहिलं, रकाना रिकामा दिसला, आणि आपल्या मुलीची चूक दुरुस्त केली. सहा महिने मी तो कोराच आहे असं धरून बसले. पाकीट जाण्याआधी मीच पाहायला हवं होतं.

समितीने विचारलंय, ही नोंद कुणी केली आणि ती खरी आहे का. त्यांचा माणूस पाच तारखेला येणार आहे.

बाबा स्वयंपाकघरात खुशीत चहा करताहेत. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

ताई


२९ एप्रिल

ती. ताईस,

नीट वाच आणि लगेच फाडून टाकू नकोस.

नोंद खरी ठरली तर क्लब कपातून बाद. अकरा पोरांचा अंतिम सामना जाईल, माझ्यामुळे. मला दोन वर्षं बंदी. तेहतीस अधिक दोन म्हणजे काय ते तुला सांगायला नको. ज्युनियर मुलांचं कामही गेलं, खोटं बोलणाऱ्याला मुलांपुढे कोण उभं करेल?

तुमची पोरं काही बोलणार नाहीत, मी कप्तानाशी बोललोय. पंचांना काही आठवत नाही. राहिले फक्त बाबा. ताई, ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. तू एवढंच सांगायचंस की त्यांना हल्ली भास होतात, मुलाला खेळताना पाहायची फार इच्छा होती, त्यातून लिहिलं गेलं. कुणाला त्यात वाईट दिसणार नाही. उलट दया येईल. बाबांना कळणारही नाही.

पाया पडतो.

उंट


१ मे

नाही.

चष्मा मीसुद्धा शोधते. त्यांचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा साफ आहे, आणि त्यांच्याकडे दुसरं काय आहे?

ताई


३ मे

ताई,

गुडघ्याचं तू बरोबर ओळखलंस. जानेवारीपासून सुई घेऊन खेळतोय. डॉक्टर म्हणतात या हंगामानंतर संपलं. म्हणजे हा सामना माझा शेवटचा, आणि नंतर ते शिकवण्याचं काम, नाहीतर काहीच नाही. सोळा वर्षांत मला दुसरं काही करता आलेलं नाही. लेक विचारते, बाबा टीव्हीवर कधी येणार. तिच्या आईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

तू नाही म्हणालीस तर मी समजेन. पण मग मी कुठे जायचं ते सांग. मला खरंच समजत नाही.

उंट


६ मे

तुझं काम झालं.

कसं झालं ते ऐकून घे. तुला सोडणार नाही.

समितीचा माणूस सभ्य होता. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता, सामानाची खोली झाडून ठेवली होती, खुर्ची पुसली होती. त्यांना वाटलं, मुलगा अंतिम फेरीत गेला म्हणून माणूस चौकशीला आलाय. त्याने शीट कट्ट्यावर ठेवली. "हे अक्षर कुणाचं?" "माझं," बाबा म्हणाले, असे ताठ होऊन. "तुम्ही स्वतः पाहिलंत?" "रेषा माझी आहे साहेब."

मग तो माझ्याकडे वळला. मी म्हणाले, "बाबा, तो त्या दिवशी उतरला नव्हता. कोट घालून बाकावर बसला होता."

त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. माझ्या समोर आले, उजेडात तोंड धरलं आणि लहानपणापासून माझ्यासाठी करतात तसं, ओठ मोठे हलवून हळूहळू म्हणाले, "अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. आपला पोरगा. तू माझ्या शेजारी होतीस." मी ओठ वाचत होते, उंटा. एवढे स्पष्ट शब्द माझ्याशी कुणीच बोलत नाही. मी पुन्हा म्हणाले, "नाही बाबा. तुम्हाला तसं वाटतंय."

मी आयुष्यात त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून त्यांना निवडच उरली नाही. खाली बसले. म्हणाले, "मग माझंच काहीतरी झालं असेल." तो माणूस म्हणाला, "या वयात होतं आजोबा," आणि पाठीवर हात ठेवला. जबाबावर बाबांनी सही केली. सहीखालची तारीख मला विचारून घातली. समितीच्या माणसाला तेही पुरावाच वाटलं असणार.

तू लिहिलं होतंस, त्यांना कळणारही नाही.

ताई


१९ मे

ती. ताईस,

आपण हरलो. एक शून्य.

मी खेळलो नाही. बहुतेक वेळ बाकावर होतो. पंच्याहत्तराव्या मिनिटाला प्रशिक्षकांनी कोट काढायला सांगितलं. मी रेषेपाशी उभा राहिलो, पायमोजे वर केले. तेवढ्यात आमच्यावर गोल झाला, मग कुणी जायबंदी झालं, मग त्यांनी विचार बदलला आणि एका वीस वर्षांच्या मुलाला पाठवलं. बरोबर केलं, मला पळता येत नव्हतं. मी रेषेच्या बाहेर उभा राहून बाकीचा सामना पाहिला. कोट परत घालायचंही सुचलं नाही.

ज्युनियर मुलांचं काम दुसऱ्याला दिलंय. चौकशीत नाव आलेला माणूस नको म्हणाले, जरी निर्दोष सुटला असला तरी.

सोबत बाबांसाठी वेगळा कागद आहे. त्यात सगळं खरं लिहिलंय, मी उतरलो होतो, धुकं होतं, त्यांनी रेषेपलीकडून हात वर केला होता आणि मी पाहिला होता. तू खोटं माझ्यासाठी बोललीस, हेही लिहिलंय. समितीलाही तेच लिहून पाठवलं. करू दे बंदी, आता कशावर करणार? तू तो कागद त्यांना वाचून दाखव. त्यांचं त्यांना परत मिळू दे, ताई. मी एवढंच मागतो.

उंट


११ जून

चि. उंटराव,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसत होते आणि उठत होते.

समितीचं पत्र आलं. संबंधित संघ हरलेला आहे, स्पर्धा संपली आहे, त्यामुळे प्रकरण पुन्हा उघडण्याचं कारण नाही. सोबत आपली मूळ शीट परत पाठवली. बाबांच्या ओळीवर लाल शाईची रेघ आहे. मी लपवायच्या आत त्यांनी पाहिली. रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाले, "रेघ सरळ मारलीय."

त्या पाच तारखेपासून ते रेषा मारत नाहीत. एकदा मारायला गेले होते. सुतळी ताणली, फक्की टाकली, आणि मला बोलावून विचारलं, ही सरळ आहे का बघ. सरळच होती. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. मग पुसून टाकली आणि डबा माझ्या हातात दिला. आता चष्मा हरवला की शोधत नाहीत, मला विचारतात, मी आज चष्मा लावला होता का? दूध आलं का, गॅस बंद केला का, शेजारीण खरंच आली होती का. सगळ्याला माझी साक्ष लागते. डॉक्टर म्हणाले तब्येत ठणठणीत आहे, याला औषध नाही.

तुझा कागद मी त्यांना सामानाच्या खोलीत वाचून दाखवला. दोनदा. त्यांनी डोळे मिटून ऐकला. हात वर केल्याचं आलं तेव्हा त्यांचा हात थोडा हलला, आणि मला वाटलं, सापडलं. मग डोळे उघडून म्हणाले, "चांगला आहे पोरगा. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून किती जुळवून लिहिलंय."

मी त्यांच्या पायाशी बसले. म्हणाले, बाबा, खरं आहे हे, शपथ घेते, मी तुमच्या शेजारी होते, मी खोटं बोलले. खूप बोलले. रडलेसुद्धा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तूही चांगली आहेस," म्हणाले. आता मी खरं बोलते तेव्हाही त्यांना ते प्रेमच वाटतं.

मग जाळ्यांच्या खुंटीवरच्या तुझ्या फोटोकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी कपाच्या पहिल्या फेरीत त्याचं नाव घाल. खरंच उतरव. दोनच मिनिटं. मी नीट बघेन, कुणाला तरी शेजारी बसवून."

मी हो म्हणाले. तुझ्या गुडघ्याचं त्यांना सांगितलेलं नाही. नव्या हंगामाच्या कोऱ्या शीट काल आल्यात, कपाटात ठेवल्या आहेत.

तुझी ताई